रिकाम्या पोटी शालभंजिका

मराठी कुटुंबाची एका दिवसाची सहल म्हणजे वरवर पाहता सकाळी निघून रात्री परतण्याची साधी क्रिया. परंतु तिच्या पोटात दोन उद्दिष्टे नांदत असतात, त्यांपैकी पहिले जाहीर असते आणि दुसरे खरे असते. मुलांना इतिहास कळावा, शिल्प, चित्र आणि स्थापत्य यांची तोंडओळख व्हावी आणि सुट्टी सत्कारणी लागावी, हे जाहीर उद्दिष्ट होय. तर त्या गावी जे मिळते ते तिथेच, गरम असताना, आणि शक्यतो ज्या दुकानात ते सर्वांत चांगले मिळते त्याच दुकानात खावे, हे खरे उद्दिष्ट होय, जे कोणी बोलून दाखवत नाही पण सर्वांना मान्य असते. या उद्दिष्टांनुसार कुटुंबात दोन पक्ष पडतात आणि प्रस्तुत लेखात त्यांना सोयीसाठी कलापक्ष आणि खाद्यपक्ष असे म्हटले आहे. कलापक्षात बहुधा एकच सदस्य असतो आणि तिकिटांचे पैसे त्यानेच भरलेले असतात. खाद्यपक्षाकडे बहुमत असते, मात्र ते मतदानाने सिद्ध करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण भूक लागल्यावर कलापक्षही पक्षांतर करतो.

या दोन पक्षांच्या संबंधांचा अभ्यास करायला ग्वाल्हेर विशेष सोयीचे आहे आणि त्याची कारणे ऐतिहासिक आहेत. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी घरे आली, घरांच्या मध्ये बाजार आले, मुक्कामाला आलेले सैन्य उठून जायचे राहूनच गेले, आणि शहराच्या त्या भागाला आजही लष्कर असेच म्हणतात. फौजेमागोमाग दक्षिणेतून सरदार, कारकून, भिक्षुक आणि आचारी आले आणि त्यांची नावे वस्तीला अशी चिकटली की पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, आपटे की पायगा (पायगा म्हणजे सरदाराच्या घोडदळाची पागा) अशा पाट्या वाचत जाणाऱ्या पुणेकराला आपण परराज्यात आहोत हे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावे लागते. शिवाय इथे किल्ला, दोन महालांतली दोन संग्रहालये, एक वाद्यसंग्रह आणि भारतीय संगीतातील सर्वांत प्रसिद्ध कबर या साऱ्या गोष्टी थोड्याशा अंतरात आहेत, आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक वळणावर कढई तापत असते.

अशा कुटुंबाला ग्वाल्हेरात एखादा नातेवाईक असतोच; सख्खा नसला तर चुलत, चुलत नसला तर व्याह्यांकडचा, आणि पाहुणे झेलम एक्सप्रेसमधून उतरण्यापूर्वीच त्याचे दोन फोन येऊन गेलेले असतात. त्याचे घराणे पाच-सहा पिढ्या लष्करात राहिलेले असते, त्याच्या मराठीत महाराष्ट्रातून केव्हाच हद्दपार झालेले शब्द आणि कालच शिरलेले हिंदी शब्द एका वाक्यात गुण्यागोविंदाने राहतात, आणि शहरातील संग्रहालये त्याने पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच पाहिलेली असतात. हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण शनिवारवाड्यात शिरण्यासाठी पुणेकरही पाहुणे येण्याचीच वाट पाहत असतो. संग्रहालयाविषयी विचारले असता हा यजमान “चांगलं आहे, बघण्यासारखं आहे” एवढेच मोघम बोलतो. मात्र बेडई कुठली, कचोरी कुठली आणि कोणत्या दुकानात अलीकडे हात आखडता झाला आहे, या विषयांवरील त्याचे विवेचन साधार आणि तुलनात्मक असून कोणत्याही विद्यापीठाने प्रबंध म्हणून स्वीकारावे अशा योग्यतेचे असते.

सहलीचे पहिले तात्त्विक सूत्र यजमानांच्या घरातील काकू मांडतात. कलापक्षाने उन्हे चढण्याआधी किल्ला गाठण्याचा प्रस्ताव ठेवताच त्या म्हणतात, “आधी गरम गरम बेडई खाऊन घ्या. किल्ला कुठं पळून जातोय?” हे उद्गार ऐकायला आतिथ्याचे वाटले तरी त्यांच्या मुळाशी वस्तुसंरक्षणशास्त्राचे एक तत्त्व आहे, ते असे की जे आधी नाश पावणार आहे त्याकडे आधी लक्ष द्यावे. ग्वाल्हेरच्या टेकडीवर सूर्यमंदिर बांधल्याची नोंद करणारा शिलालेख सहाव्या शतकातील, म्हणजे हूण राजा मिहिरकुलाच्या काळातील आहे; म्हणजेच ही टेकडी सुमारे दीड हजार वर्षे आहे तिथेच आहे. याउलट बेडईची कढई उतरायला दुपारही व्हावी लागत नाही. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आळशी माणसाने रचली असावी असा समज आहे; काकूंची मांडणी पाहता ती एखाद्या जबाबदार संग्रहपालाची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचे भरड वाटण, हिंग, बडीशेप आणि तिखट यांच्या सारणाची, कचोरीपेक्षा पातळ आणि पुरीपेक्षा जबाबदार अशी तळणी. ती तेलात सोडल्यावर प्रथम तळाशी जाते, मग वर येऊन झाऱ्याच्या पाठीने दाबली जाते, त्या दाबाने एका बाजूने फुगते, आणि फुगलेली बाजू उलटून तिच्यावर तांबूस ठिपके उमटले की ती टोपलीत येते. तिच्याबरोबर पानांच्या द्रोणात बटाट्याची पाणीदार, झणझणीत भाजी येते, जिच्यात बटाटा चिरलेला नसून हाताने कुस्करलेला असतो. हे सारे उभ्याने खायचे असल्यामुळे आजी प्रथम नापसंती दर्शवतात, कारण उभ्याने खाणे शास्त्रसंमत नाही. परंतु द्रोण गळू लागण्याआधी निर्णय घेणे भाग असल्याने शास्त्राला तात्पुरती स्थगिती मिळते आणि दुसरी बेडई मागताना तो मुद्दा पुन्हा निघत नाही. कलापक्षाचे प्रतिनिधी या काळात भ्रमणध्वनीवर तोमर घराण्याचा इतिहास वाचत असतात आणि घरच्यांना वेळेची आठवण करून देत असतात; त्यांचा उजवा हात मात्र वेळेविषयी बेफिकीर असतो. शेवटी जिलेबी येते, आणि आठचा बेत साडेदहाला अमलात येतो.

गाडीने किल्ल्यावर जायचे असल्यास उरवाई दरवाज्याचा रस्ता घ्यावा लागतो आणि त्या घळीच्या दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती दिसतात. पंधराव्या शतकात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात त्या कोरल्या गेल्या. त्यांपैकी सर्वांत उंच मूर्ती सुमारे १७ मीटर आहे, आणि पुढे बाबराने त्या विद्रूप करण्याची आज्ञा दिल्याचे त्याने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले आहे. आहार, निद्रा आणि वस्त्र यांचा त्याग करून ध्यानात उभ्या असलेल्या या आकृतींसमोर, हाताला अजून पाकाचा चिकटपणा असलेले कुटुंब काही वेळ गप्प होते. ग्वाल्हेरातील कलावस्तूंपैकी खाण्याशी काहीही संबंध न ठेवणारी अशी ही एकमेव, आणि म्हणूनच कदाचित सर्वांत उंच.

किल्ल्यावरचा मानमंदिर महाल मानसिंह तोमराने बांधला. त्याची कारकीर्द साधारणपणे १४८६ ते १५१६ अशी मानली जाते. निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या चकाकत्या फरशांनी बाहेरच्या भिंतीवर बदकांची रांग, हत्ती आणि केळीची झाडे काढलेली आहेत, आणि पाच शतकांचे ऊन खाऊनही त्यातला निळा रंग अजून दुरून ओळखू येतो. कलापक्ष इथे रंगांच्या रसायनाविषयी बोलू पाहतो. आजी मात्र केळीचे खुंट पाहून, सत्यनारायणाच्या चौरंगाला लावतात तेच हे, असे एका वाक्यात सांगून पुढे जातात. प्रतिमाविद्येच्या, म्हणजे चिन्हांवरून त्यांचे अर्थ लावण्याच्या शास्त्राच्या, दृष्टीने आजींचे निरीक्षण अधिक मोलाचे ठरते, कारण केळ हे मांगल्याचे आणि समृद्धीचे चिन्ह म्हणूनच तिथे आले असणार. थोड्या अंतरावर सासबहू या नावाने ओळखली जाणारी दोन मंदिरे आहेत; त्यांतले मोठे १०९३ मध्ये पूर्ण झाले आणि ते सासूचे समजतात, तर धाकटे सुनेचे. इथे छायाचित्र काढताना कोणी कोणापाशी उभे राहावे याविषयी कुटुंबात जी शांतता पसरते, ती तीर्थंकरांसमोरच्या शांततेहून वेगळ्या जातीची असते.

परतीच्या वाटेवर कुटुंबाचे विभाजन होते: गुडघेदुखी असलेले सदस्य गाडीने वळसा घालून खाली येतात आणि उरलेले हत्ती पोळ या दरवाज्यातून पायी उतरतात. पायी उतरणाऱ्यांना वाटेत कड्यात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. गुर्जर-प्रतिहार राजा मिहिर भोजाच्या काळात अल्ल नावाच्या किल्लेदाराने ते कोरवून घेतले. त्यातील विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, या वर्षाच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्याच्या चिन्हासह लिहिलेले आहेत, आणि शून्य कोरलेले असणाऱ्या भारतातील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. जगभरचे गणिती हे पाहायला येतात. परंतु हे शून्य कशाचा हिशेब ठेवते याकडे कमी लोक पाहतात. २७० हा देवासाठी दिलेल्या फुलबागेच्या लांबीचा हातांतला आकडा आहे, ५० ही रोज द्यायच्या हारांची संख्या आहे, आणि त्याच लेखात तेल्यांनी दिव्यासाठी दर घाण्यामागे द्यायच्या तेलाचीही नोंद आहे. म्हणजेच मानवी बुद्धीची ही थोर झेप या भिंतीवर आली ती देवळाच्या रोजच्या खर्चाची वही म्हणून. गृहिणीच्या दूध-भाजीच्या वहीला यापेक्षा थोर पूर्वज मिळणे अवघड आहे.

पायथ्याशी गूजरी महाल आहे. हाही मानसिंहानेच बांधला, तो मृगनयनी या गुर्जर समाजातील राणीसाठी. परंपरा असे सांगते की, आपल्या राई गावचेच पाणी आपल्याला प्यायला मिळाले पाहिजे अशी अट तिने लग्नापूर्वी घातली आणि राजाने त्यासाठी गावापासून महालापर्यंत पाण्याची वाट बांधून दिली. या कथेला इतिहासकार जपून वागवतात. कुटुंबातील आत्या मात्र तिच्यावर तात्काळ विश्वास ठेवतात, कारण परगावचे पाणी बाधते म्हणून घरून उकळून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्या पिशवीत असतात, आणि त्या वाहून आणण्यावरून सकाळपासून त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागलेले असते.

या महालातील संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि ते ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या खटपटीचे फळ आहे. गर्दे यांनी पवाया येथे, म्हणजे भवभूतीच्या नाटकातील पद्मावती नगरीच्या जागी, उत्खनन केले. तिथली मणिभद्र यक्षाची मूर्ती या संग्रहालयात आहे. यक्ष म्हणजे संपत्तीचे रक्षण करणारी लोकदेवता. मणिभद्र हा विशेषतः व्यापाऱ्यांचा यक्ष, आणि त्याच्या हातात पैशांची थैली असते. मूर्तीखालच्या लेखावरून ती एका गोष्ठीने, म्हणजे भक्तांनी एकत्र येऊन स्थापलेल्या मंडळाने, नागवंशीय राजा शिवनंदीच्या काळात बसवली असे कळते. वर्गणी काढून पोटाळ देवता बसवण्याची ही रीत सुमारे दोन हजार वर्षे जुनी असल्याचे समजल्यावर गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार असलेले काका प्रथमच एखाद्या पाटीवरील मजकूर शेवटपर्यंत वाचतात.

संग्रहालयाचा मानबिंदू असलेली ग्यारसपूरची शालभंजिका जाळीच्या दाराआड कुलपात असते आणि विनंती केल्यावर दाखवली जाते. शालभंजिका म्हणजे शालवृक्षाची फांदी धरून उभी असलेली स्त्री, हा भारतीय शिल्पातला एक जुना विषय आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराची ही मूर्ती भग्न असून तिचे हात उरलेले नाहीत, परंतु चेहऱ्यावरचे हसू जसेच्या तसे आहे आणि त्यामुळे तिला भारताची मोनालिसा म्हणण्याची प्रथा पडली आहे. दुपारचा एक वाजून गेलेला असतो. कुलूप उघडेपर्यंतच्या काळात बेडईचा प्रभाव ओसरलेला असतो, मुले भिंतीला टेकलेली असतात आणि आत्यांनी पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून परत ठेवलेली असते. अशा अवस्थेत त्या हसण्याचा अर्थ काय, असा प्रश्न कलापक्ष उपस्थित करतो. विद्वानांनी त्यात लज्जा, शृंगार आणि आत्मरती यांपैकी काय काय पाहिले आहे हे तो सांगू लागतो, तेव्हा काकू जाळीतून नीट न्याहाळून म्हणतात, “सगळ्यांना वाढून झाल्यावर शांतपणे जेवून उठलेल्या बाईचं हसू आहे हे.” इतक्या थोड्या शब्दांत या मूर्तीविषयी इतके नेमके कोणी बोलले असेल तर ते निश्चितच जेवणानंतर बोलले असणार. इथेच बाघ येथील लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. १९२१ च्या सुमारास ग्वाल्हेर दरबारच्या आश्रयाने नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर प्रभृती चित्रकारांनी बाघची चित्रे उतरवून घेतली आणि मूळ चित्रे त्यानंतर बरीच नष्ट झाली. खाद्यपक्ष मात्र त्या वेळी दाराशी पोहोचलेला असतो.

दुपारचे जेवण यजमानांकडे असते आणि ते हलके असेल असे आधी कळवलेले असते. हलके या शब्दात वरण-भात, तूप, मटारची उसळ, पुरणपोळी, गाजराचा हलवा, आणि पाहुणे परत कधी येणार म्हणून बाजारातून मागवलेली कचोरी एवढेच येते. वामकुक्षी, म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर घ्यायची अल्प विश्रांती, ही आयुर्वेदाला मान्य असली तरी ती किती अल्प असावी याविषयी मतभेद आहेत, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत रजई मिळाल्यास ते मतभेद कायमचे मिटतात. संग्रहालयांचा खरा शत्रू वाळवी किंवा दमटपणा नसून पुरणपोळीवरचे तूप आहे, हे कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेले आढळत नाही.

कलापक्षाच्या चिकाटीमुळे कुटुंब तरीही जयविलास महालात पोहोचते. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या या महालाचा आराखडा सर मायकेल फिलोज यांनी केला आणि त्यांनी तीन मजल्यांना युरोपातील तीन शैली वाटून दिल्या: खाली साधे, दणकट खांब असलेली टस्कन, मध्ये संयमित डोरिक आणि वर पानांच्या नक्षीची कोरिंथियन. राजमाता विजयाराजे यांनी पती जिवाजीराव यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये महालाच्या एका भागात संग्रहालय उघडले. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची असल्याचे सांगतात, आणि ती टांगण्यापूर्वी छत पेलेल का हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवल्याची कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. हत्तींची संख्या कोणी आठ सांगतो तर कोणी दहा. काका यावर काही बोलत नाहीत, ते त्या हत्तींना वर असताना काय खायला घातले असेल याचा विचार करत असतात.

सहलीचा कळस मात्र भोजनगृहात गाठला जातो. इथे लांबलचक टेबलावर चांदीची एक छोटी आगगाडी रुळांवर उभी आहे. तिच्या डब्यांवर शिंदे घराण्याचे इंग्रजी नाव एकेक अक्षराने लिहिलेले आहे, आणि जेवण झाल्यावर ती मद्य, सिगार आणि सुका मेवा घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे. पाहुण्याने डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबायची आणि परत ठेवली की चालू लागायची. ही हौस माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांची. आगगाडीचे वेड त्यांच्या संस्थानाच्या नकाशावरही उमटले होते, कारण दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी सुमारे २०० किलोमीटरची छोटी रेल्वे संस्थानच्या काळातली असून ती २०२० पर्यंत धावत होती.

या प्रदर्शनवस्तूसमोर दोन्ही पक्षांचे प्रथमच एकमत होते. मुले रूळ कुठवर गेले आहेत ते पाहतात, काका यंत्रणेचे कौतुक करतात, आणि आजी एक मूलभूत आक्षेप घेतात, तो म्हणजे गाडी आग्रह करत नाही. मराठी पंगतीत वाढपी पानापुढे थांबतो, नको म्हटले तरी थांबतो, हात आडवा केला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो, आणि पुढे गेल्यासारखे करून पुन्हा मागे येतो. चांदीची गाडी नको म्हणणाऱ्याला काही न विचारता पुढे निघून जाते. यंत्राने वाढप्याची जागा घेण्याचा हा भारतातील एक लवकरचा प्रयोग होता आणि तो आग्रहाच्या अभावी मर्यादित राहिला, असे आजींच्या आक्षेपाचे शास्त्रीय रूपांतर करता येईल. एका मेजवानीत गाडी बिघडून वेगाने फिरत सुटली आणि तिने पाहुण्यांच्या कपड्यांवर सर्व काही सांडले, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असल्यास गाडीने त्या रात्री तरी पंगतीची रीत पाळली म्हणायची.

संध्याकाळी संगीताची पाळी येते. ग्वाल्हेर हे ख्यालगायनाचे आद्य घराणे समजले जाते, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून ती महाराष्ट्रात घेऊन गेले, त्यामुळे मराठी श्रोत्याच्या कानावर या शहराचे जुने ऋण आहे. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात सरोद घर नावाचा वाद्यसंग्रह आहे आणि तिथली जुनी वाद्ये काचेआड आहेत. तानसेनाची कबर सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य समाधीशेजारी आहे; तिच्यालगत चिंचेचे झाड असून त्याची पाने चघळल्यास आवाज गोड होतो अशी गायकांची जुनी श्रद्धा आहे. जुने मूळ झाड या श्रद्धेपायीच संपले आणि आजचे झाड त्याचा वारस आहे असे सांगतात. कला आणि खाद्य यांचा इतका निकटचा संबंध अन्यत्र आढळत नाही, कारण इथे रसिकांनी स्मारकच खाऊन टाकले. विशेष म्हणजे त्यामुळे संगीताचे काही बिघडलेले नाही. याच जागी दर वर्षी डिसेंबरात तानसेन समारोह भरतो आणि गाणे चालू राहते.

शेवटची फेरी अर्थातच बाजाराची असते. थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेर आणि शेजारच्या मुरैन्यात गजक होते, आणि ती करताना पाहणे ही एक स्वतंत्र कलाशिक्षणाची संधी आहे: गुळाचा किंवा साखरेचा पाक घट्ट झाला की तो खुंटीला अडकवून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात, तांबूस पाक हवा शिरून फिका आणि चमकदार होतो, मग तो भाजलेल्या तिळात घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात, आणि एका लयीत पडणाऱ्या त्या घावांखाली दाताखाली चुरचुरणारे पापुद्रे तयार होतात. मुरैन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखादा पदार्थ विशिष्ट भूमीचाच आहे याची सरकारी कबुली. पुढे नया बाजारात बहादुराचे लाडू घेतले जातात, जे ग्वाल्हेरचेच असलेल्या अटलबिहारी वाजपेयी यांना आवडत असत. आणि इथे दिवसभर घड्याळ पाहणारे कलापक्षाचे प्रतिनिधी एक किलो पुरेल का, असा प्रश्न स्वतःहून विचारतात.

या सर्व निरीक्षणांवरून एक निष्कर्ष निघतो आणि तो खाद्यपक्षाच्या बाजूने जातो. संग्रहालयात वस्तू येते ती तिचा वापर थांबल्यावर. चांदीची गाडी प्रदर्शनात आली, कारण तिच्यापुढे बसणारी पंगत उठली. बाघच्या चित्रांच्या प्रतिकृती जपाव्या लागल्या, कारण मूळ चित्रे ज्यांच्यासाठी काढली ते भिक्षू केव्हाच गेले. चतुर्भुज मंदिरातल्या शून्याला आज अभ्यासक येतात, पण त्याने मोजलेले पन्नास हार आता कोणी आणत नाही. बेडईला, गजकेला आणि लाडवाला अजून पाटी लागलेली नाही, कारण रोज हे पदार्थ कोणीतरी संपवते आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करावे लागतात. पाककला ही अशी एकच कला आहे जिचे जतन तिची कलाकृती नष्ट करूनच करता येते, आणि त्या दृष्टीने सकाळी साडेआठ वाजता द्रोण हातात घेऊन उभे असलेले कुटुंब हे शहरातील सर्वांत कार्यक्षम संवर्धन खाते मानले पाहिजे. कलापक्षाने यापुढे बेतात नाश्त्याला दोन तास अधिकृतपणे द्यावेत, शालभंजिका जेवणानंतर पाहावी, आणि वाटेत कोणी तिसरी बेडई घेतल्यास त्याला वेळेची आठवण करून देऊ नये. तो आपले काम करत असतो.